ओढ्यापलीकडचे अठ्ठावन्न

सीडर फोर्डची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की गेली बावीस वर्षं मी तोऱ्यात उत्तर देते. तो आकडा मीच काढते ना. नगर कार्यालयात चिटणीस आहे मी, जॉर्जीन नोव्होसाद. डिसेंबर संपत आला की नळजोड किती, नव्या घरांचे परवाने किती, यावरून हिशेब मांडायचा, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि चिठ्ठी तेयोच्या हातात द्यायची. तेयोनं तो आकडा गावाच्या वेशीवरच्या तिन्ही पाट्यांवर लावायचा. इतकं साधं काम. त्यात या माणसानं मला बावीस वर्षं गंडवलं, आणि आज त्याच्याविषयी माझ्या मनात मायेशिवाय दुसरं काही नाही.

तेयो म्हणजे एलेउतेरियो बारिएंतोस. टेक्सासच्या उन्हात एवढं नाव कोण घेत बसणार, म्हणून तेयो. वय सहासष्ट, बांधा बुटका आणि रुंद, मिशी पांढरी, हॅट काळी. बोलणं अगदी कमी. नगराच्या रस्ते खात्यात त्यानं तेहतीस वर्षं काढली. खड्डे बुजवायचे, खांब रोवायचे, पाट्या लावायच्या. जानेवारीत निवृत्त होणार होता.

तो कामाला लागला तेव्हा गावात एकवीसशे माणसं होती, एक सरकी काढायची गिरणी होती आणि चौकात एकच दिवा लुकलुकायचा. मग चाळीस मिनिटांवरचं ऑस्टिन फुगायला लागलं. तिथं घर परवडेना तशी माणसं आमच्याकडे सरकली. कापसाच्या शेतांत वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतींना झाडांची नावं दिली, आणि नाव देण्याआधी ती झाडं तोडली. कॅलिफोर्नियाहून आलेली मंडळी मला फोन करून विचारायची की रस्त्यावर गाय आली आहे, तक्रार कुठं नोंदवायची. मी सांगायची, गायीकडे नोंदवा, ती तुमच्या आधीपासून इथं आहे.

गाव वाढलं की हद्द वाढायची, हद्द वाढली की पाटी पुढं न्यायची. उत्तरेची पाटी तेयोनं चार वेळा उपटून पुढं रोवली, पूर्वेची तीन वेळा. आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि सिमेंटात बसवलेला खांब दोन वर्षांत कलतो. तेयो चार फूट खणायचा आणि सिमेंटऐवजी खडी भरायचा. मातीला हलायला जागा ठेवली की ती खांबाला छळत नाही, असं तो म्हणायचा. त्याची एकही पाटी कधी वाकडी झाली नाही.

पाटीवर पत्र्याचे आकडे आकड्यांना अडकवलेले असतात. म्हणजे हुकांना, गोंधळ नको. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी नवे आकडे लावायचे, हा आमच्याकडे छोटा सणच. मी जर्दाळू आणि सॉसेज भरलेले पाव, कोलाचे, भाजून न्यायची, आमच्या चेक आजीच्या कृतीचे. तेयो नाताळातले उरलेले तमाले, मक्याच्या पिठाचे, वाफवून आणायचा. दहा हजार पार झाले त्या वर्षी त्याला पाटीवर पाचवा हुक बसवावा लागला. तेव्हा शाळेचा बँड आला होता आणि नगराध्यक्षांनी भाषण केलं होतं. तेयोनं हुक ठोकला आणि पुढच्या पाटीकडे निघून गेला.

दक्षिणेची पाटी मात्र कधीच हलली नाही. ती ओढ्याच्या अलीकडे, पुलापाशी होती. १९४८ साली गावाला नगराचा दर्जा मिळाला तेव्हापासून तिथंच. ओढ्यापलीकडे ला बांदा. बांदा म्हणजे काठ. कापूस वेचायला आलेल्या मेक्सिकन कुटुंबांनी वसवलेली वस्ती. वीस-पंचवीस घरं, एक सामाईक विहीर, एक लहानसं चर्च, शेवटी दफनभूमी. गाव तीन दिशांनी मैलोन्‌मैल पळालं, पण दक्षिणेला दोनशे पावलांवरचं ला बांदा काही हद्दीत आलं नाही. नगराचं पाणी नाही, गटारं नाहीत, नगराच्या निवडणुकीत मत नाही. हद्द ठरवणाऱ्या पहिल्या मंडळात माझे आजोबा होते. हे मला मागाहून कळलं असं मी सांगणार नाही. मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

तेयो ला बांदातच जन्मला आणि तिथंच राहतो. शेजारच्या घरात त्याची आई, दोन्या एर्मिनिया; दोन्या म्हणजे आदरानं बाई. वय वर्षं त्र्याण्णव.

गेल्या उन्हाळ्यात विहीर ऑगस्टमध्येच तळाला गेली. लोक टाक्यांतून पाणी आणू लागले. तेयोची पुतणी नोएमी, जी तेव्हा पोटुशी होती, तिनं कंबर कसली आणि हद्दवाढीचा अर्ज तयार केला. आता कायदा असा आहे की लोकांच्या संमतीशिवाय त्यांना हद्दीत घेता येत नाही. वस्तीत त्रेचाळीस मतदार, म्हणजे बावीस सह्या हव्यात. नगर मंडळ तयार होतं. नोएमीनं दारोदार फिरून एकवीस सह्या मिळवल्या. उरलेल्यांना घरपट्टीची धास्ती, कोंबड्या पाळायला परवाना लागेल याची धास्ती. ते कानावर हात ठेवून बसले. त्यांत दोन्या एर्मिनियाही होत्या, पण त्यांना धास्ती कसलीच नव्हती. त्यांचा राग होता.

"मला मोजायचं असेल तर शहात्तर वर्षांपूर्वी मोजायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता मला तहान नाही."

तेयोनं हे मला एकदाच सांगितलं, डांबर पसरता पसरता. "जानेवारीत ती पाटी मी आईच्या घराच्या पुढं रोवली असती," तो म्हणाला. "एवढंच काम राहिलंय." मग पुन्हा फावडं उचललं. तेहतीस वर्षं हा माणूस परक्यांच्या दारापुढं हद्द नेत होता, आणि स्वतःच्या आईच्या दारापुढं न्यायला एका सहीची वाट बघत होता.

सप्टेंबरात आमच्याकडे नवा मॅनेजर आला. डॅलसचा, तिशीचा, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"जॉर्जीन, पाटीवर एकतीस हजार दोनशे शहात्तर आहे. तुमच्या कागदावर दोनशे अठरा."

"लावताना चुकलं असेल."

"तिन्ही पाट्यांवर?"

मी चष्मा काढून पुसला. वेळ काढायचा असला की मी तेच करते. "जानेवारीत दुरुस्त होईल," मी म्हणाले.

त्यातल्या एका पाटीजवळून मी रोज दोनदा गाडी चालवते. रोज जे दिसतं ते कोणी वाचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी मी रस्ते खात्याच्या आवारात गेले. तेयो खडी चाळत होता.

"तेयो, पाटीवर अठ्ठावन्न माणसं जास्त आहेत."

"जास्त नाहीत," तो म्हणाला. "बरोबर तेवढीच आहेत."

"कुठली?"

त्यानं हनुवटीनं दक्षिणेकडे दाखवलं.

मी खडीच्या ढिगावरच बसले. तो आत गेला आणि बिस्किटांचा एक जुना गोल डबा घेऊन आला. डब्यात तेहतीस चिठ्ठ्या. जुन्या माझ्या आधीच्या चिटणीसबाईंच्या हातच्या, बाकीच्या माझ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: पिलारला मुलगा. दॉन सिक्स्तो वारले. चोनिता ह्यूस्टनला गेली. रोखेलियो सैन्यातून परत. खाली बेरीज, आणि त्या बेरजेत माझा आकडा मिळवून आलेली संख्या. दर डिसेंबरात हा गडी घरोघर जाऊन ला बांदाची खानेसुमारी करत होता. त्या माणसांची दुसरी नोंद या शहराच्या एकाही कागदावर नव्हती.

"पहिल्या वर्षी मी फक्त एक वाढवला होता," तो म्हणाला.

"आई?"

"आई. मग वाटलं, ती एकटी काय करेल तिथं. पुढच्या वर्षी सगळ्यांना घेतलं."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस, मिस जॉर्जीन."

मला राग यायला हवा होता. सरकारी आकड्यात खाडाखोड म्हणजे काही कमी गुन्हा नाही. पण मला आली ती लाज. मी नळ मोजून माणसं काढत होते, आणि ज्यांच्याकडे नळच नव्हता ती माणसं माझ्या हिशेबात कधी आलीच नाहीत. तेयो मला काही बोलला नाही. त्यानं माझी चूक बावीस वर्षं गुपचूप दुरुस्त केली होती.

"आईला दाखवलंस का हे?"

"नाही. म्हणेल, चोरून मोजलंस."

"चल," मी म्हणाले. "डबा घे."

दोन्या एर्मिनिया ओसरीवर अक्रोडासारखे पिकान फोडत बसल्या होत्या. बाजूला नोएमी, पायांखाली उशी घेऊन. मला बघून म्हातारीनं अडकित्ता खाली ठेवला.

"नोव्होसादची नात ना तू? कान तेच आहेत."

"हो, दोन्या एर्मिनिया."

"तुझा आजोबा याच अंगणात उभा होता. मी सतरा वर्षांची होते. खुंट्या घेऊन तिघं आले, पूल ओलांडून. बापाला वाटलं, आपल्याला गावात घेताहेत. त्यानं मला कॉफी करायला लावली. या विहिरीच्या पाण्याची. तिघांनी कॉफी प्यायली, छान झाली म्हणाले, आणि परत जाऊन खुंटी ओढ्याच्या त्या काठाला, गावाच्या बाजूला ठोकली. बाप संध्याकाळपर्यंत खुर्च्या आत घेईना. परत येतील म्हणाला."

मी माफी मागितली. म्हातारीनं हात झटकला. "तू तेव्हा कुठं होतीस? बस. पिकान खा."

तेयोनं डबा उघडला आणि चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. आईला वाटलं, वस्तीतल्या जुन्या गोष्टी वाचतोय. तिसऱ्या चौथ्या चिठ्ठीला त्यांचे हात थांबले. ते आकडे पाटीवर खरोखर लागले होते, हे मी मधेमधे सांगत होते, साक्षीदार म्हणून.

"अठ्ठ्याण्णव साली एकसष्ट," तेयोनं वाचलं.

"चूक," म्हातारी म्हणाली. "साठ. चोनिता त्या आधीच गेली होती."

"ती मार्चमध्ये गेली, आई."

"नोव्हेंबरात. माझं परातभर पीठ घेऊन गेली, मला आठवत नसेल?"

"बरं. साठ."

"म्हणजे एक वर्ष गावाला खोटं सांगितलंस."

नोएमी इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. तेयोनं खरोखर पेन्सिल काढून एकसष्टचे साठ केले. मग शेवटी राहिलेली, सगळ्यात पहिली चिठ्ठी त्यानं आईच्या हातात दिली. तिच्या मागं एवढंच होतं: आई, एक.

त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. "मीच एकटी?"

"हो."

"बावळट. तुझ्या मावश्या काय हवेत राहत होत्या?" असं म्हणाल्या खऱ्या, पण पदर नव्हता म्हणून एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. ते बघून माझेही डोळे भरून आले. मी त्याचा दोष पिकानच्या टरफलांना दिला.

"आता सही कर, आजी," नोएमी हळूच म्हणाली. "विहिरीत गाळ राहिलाय नुसता."

"नकाशा दाखव आधी."

नकाशा माझ्याच कार्यालयात काढलेला. म्हातारीनं भिंग मागितलं आणि लाल रेघेवरून बोट फिरवलं. ओढा, पूल, चर्च, आपलं घर, शेवटचं घर. तिथं रेघ वळत होती. बोट मात्र वळलं नाही, ते पुढं गेलं.

"आणि हे?"

ती दफनभूमी होती. मी म्हणाले, तिथं कोणी राहत नाही, म्हणून हद्द अलीकडेच वळवली.

"माझा घरधनी रेफुजियो राहतो," त्या म्हणाल्या. "माझी तीन वर्षांची पोर राहते. बाप राहतो, ज्यानं खुर्च्या मांडल्या होत्या. मी आत जाऊ आणि त्याला पुन्हा बाहेर ठेवू?"

तेयो मान खाली घालून हॅट फिरवत होता. नोएमी माझ्याकडे बघत होती.

मी पर्समधून लाल पेन्सिल काढली, शेजारी पिकान फोडायचा पाट होता त्याची कड पट्टीसारखी धरली.

"पट्टीनं नको," म्हातारी म्हणाली. "तुझ्या आजोबानं पट्टीनंच काढली होती. हातानं ओढ."

मग मी हातानं ओढली. शेवटचं घर सोडून पुढं, दफनभूमीच्या कुंपणाला वळसा घालून, मागचं मोठं ओकचं झाड आत घेऊन, परत ओढ्यापर्यंत. रेघ वाकडीतिकडी आली. मोजणीदार नंतर ती नीट करणारच होता. दोन्या एर्मिनियांनी भिंगातून ती तपासली आणि मान डोलावली. सही मात्र केली नाही. म्हणाल्या, आधी नवा नकाशा जोडून आण, कागदावर माझा विश्वास आहे, तुमच्यावर नाही.

नकाशा बदलला म्हणजे अर्ज नवा, आणि अर्ज नवा म्हणजे आधीच्या एकवीस सह्याही पुन्हा. सातव्या महिन्यातली नोएमी पुन्हा दारोदार फिरली, माझ्या नावानं बोटं मोडत. पण या खेपेला एक गंमत झाली. कोंबड्यांचे परवाने आणि घरपट्टी म्हणत बसलेल्यांचीही माणसं त्या कुंपणात होतीच. बावीस सह्या हव्या होत्या, अठ्ठावीस आल्या. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, एर्मिनिया बारिएंतोस.

डिसेंबरात मंडळानं हद्दवाढ मंजूर केली. मॅनेजरनं मला विचारलं, दफनभूमी आत घेऊन शहराला फायदा काय? मी म्हटलं, शेजार शांत मिळतो.

जानेवारीचा पहिला सोमवार उजाडला तो थंड आणि स्वच्छ. तेयोचा शेवटचा आठवडा. पुलापाशी त्यानं दक्षिणेची पाटी उपटली, तेव्हा खालच्या मातीत सीडरची एक जुनी खुंटी सापडली, काळी पडलेली, पण अजून टणक. मोजणीची खुंटी. ती त्यानं पिकअपमध्ये टाकली आणि आईला नेऊन दाखवली. म्हातारीनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "सुकी आहे. जळेल."

दफनभूमीच्या पुढं, ओकच्या झाडापाशी तेयोनं चार फूट खणलं आणि खडी भरली. सगळं ला बांदा जमलं होतं. दोन्या एर्मिनिया घडीच्या खुर्चीत गोधडी पांघरून बसल्या होत्या. दगडांच्या चुलीवर कॉफी उकळत होती आणि चुलीत माझ्या आजोबांची खुंटी सुवास सोडत जळत होती. पहिला कप त्यांनी मला दिला. मी तो सगळा प्यायले, आणि परत निघून गेले नाही.

माझी चिठ्ठी तेयोच्या खिशात होती. तेहतीस हजार एकशे चार. ला बांदाची सत्तावन्न माणसं त्यात होती, कारण या खेपेला मी स्वतः डबा घेऊन घरोघर गेले होते. दॉन फेर्मिन नोव्हेंबरात गेले, म्हणून अठ्ठावन्नाचे सत्तावन्न. ते आता कुंपणाच्या आत आहेत आणि हद्दीच्याही. तेयोनं एकेक आकडा हुकाला अडकवला. पहिल्यांदाच त्यात त्यानं काही मिळवलं नव्हतं. मागं सरून तो बघत राहिला. हॅट काढली होती.

"किती?" आईनं विचारलं.

"तेहतीस हजार एकशे चार."

"यात नोएमीची मुलगी आहे?"

नोएमी चार दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. लेकीला छातीशी गुंडाळून ती तिथंच उभी होती.

"चिठ्ठी एकतीस डिसेंबरची आहे, आई. बाळ दोन तारखेचं."

"मी तारीख नाही विचारली. पोर इथं आहे की नाही?"

तेयोनं माझ्याकडे बघितलं. मी नगराची चिटणीस. शिक्का माझ्या पर्समध्ये. मी वळून कोलाच्यांच्या खोक्याची दोरी सोडायला लागले, आणि ती दोरी सुटायला बराच वेळ लागला.

मागं पत्र्याचा आवाज झाला. वळून बघितलं तर चाराच्या जागी पाच होता.

"आता बरोबर," दोन्या एर्मिनिया म्हणाल्या आणि कप पुढं केला.

"मॅनेजर विचारेल," तेयो पुटपुटला.

"सांगेन ना," मी म्हणाले. "पुढच्या जानेवारीत दुरुस्त होईल."

उत्तरेच्या आणि पूर्वेच्या पाट्यांवर सकाळीच चार लावून झाला होता. तेयोनं पत्र्याचे आणखी दोन पाच शोधून काढले, मी तमाल्यांचं भांडं मांडीवर घेतलं आणि आम्ही त्याच्या पिकअपमधून निघालो.